जीप अजून दादाच्याच नावावर

दादा गेला तो भाताच्या झोडणीच्या दिवसांत. खळ्यावर पेंढ्या झोडता झोडता म्हणाला, "जरा बसतो," आणि कडेच्या दगडावर बसला. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या तेव्हा त्याचा हात गरम होता, पण हाकेला ओ नव्हती. वाडीतली माणसं धावली. कुणीतरी ओरडलं, "जीप काढा, वेल्ह्याला न्या!" जीप दारात उभी होती, किल्ली खुंटीला होती. पण वाडीत जीप चालवता येणारा माणूस एकच होता, आणि तो खळ्यावर आडवा पडला होता.

मला भोरला निरोप आला तेव्हा शाळेत तिसरा तास चालू होता. मी तिथल्या माध्यमिक शाळेत लेखनिक आहे. लोक भाऊसाहेब म्हणतात. दाखले, सेवापुस्तकं, शिष्यवृत्तीचे अर्ज, असल्या कागदांत माझी अर्धी हयात गेली. घरात दोघेच भाऊ आम्ही. दादा शेती आणि जीप बघायचा, मी कागद बघायचो. वाटणी अशी कधी ठरवली नव्हती. त्याला कागदाचा कंटाळा आणि मला चिखलाचा, म्हणून ती आपोआप पडली होती.

आमची वाडी पासलीच्याही वरच्या अंगाला. एसटी पासलीपर्यंत येते, तीही दिवसातून मोजक्या वेळा. पुढं मुरमाचा चढ. त्या चढावर दादाची जीप वडापाला, म्हणजे माणशी भाड्यावर, चालायची. भाताची पोती, बाळंतिणी, परीक्षेला जाणाऱ्या मुली, एकदा तर एक रेडकू, सगळं त्या जीपनं वाहिलं. जीप जुनी होती, पण दादा तिला बैलासारखं जपायचा. आदल्या दिवशी कितीही उशीर झालेला असो, सकाळी पहिलं काम म्हणजे बोनेटवर हात फिरवणं.

दिवसकार्य उरकलं तरी त्याचा मोबाईल वाजत राहिला. लोकांना ठाऊक नव्हतं. "दादा, उद्या वेल्ह्याला हाय का?" "दादा, पोरीला सोडायचंय, जागा ठिवा." वहिनी प्रत्येकाला सांगायच्या. सांगताना रडायच्या, मग पुन्हा फोन वाजायचा. महिनाभरानं मला म्हणाल्या, "भावजी, ह्या फोनचं काय करू? वाजला की काळजात धस्स व्हतंय."

मी म्हणालो, "रिचार्ज मारू नका आता. आपोआप बंद होईल."

त्या म्हणाल्या, "चालतंय नव्हं तसं?"

"न चालायला काय झालं? ज्याचा फोन तोच नाही."

कागदाच्या माणसानं दिलेला सल्ला होता तो. त्यांनी ऐकला. दोन-तीन महिन्यांत नंबर गप झाला. घरात शांतता आली असं आम्हाला वाटलं.

वर्षश्राद्धानंतर एक दिवस वहिनी पहिल्या एसटीनं भोरला आल्या. चेलाडीला गाडी बदलून, मांडीवर कापडी पिशवी धरून. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं सगळं होतं. जीपचं आरसी बुक, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, दोन्ही लेकींची संमतीपत्रं. लेकी दोन्ही लग्न होऊन लांब गेलेल्या. वहिनी शाळेच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "खालच्या वाडीतला एकजण जीप चालवाया तयार हाय. आदी वेल्ह्याला टेम्पोवर व्हता त्यो. पण म्हनतोय, कागद नीट करा. पोलिसानं धरलं तर मालक कोन म्हनून सांगू? इमावाले बी न्हाई म्हनत्यात."

"विकून का टाकत नाही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तो शब्द काढला नाही. "इकून वाडीनं काय करायचं? परत पाठुंगळी माणसं घिऊन उतरायचं का?"

भोरात तहसीलच्या रस्त्याला एक सेवा केंद्र आहे. चालवणारा गृहस्थ माझ्याच वयाचा. पूर्वी कचेरीच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचा आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायचा. टाइपरायटर गेला, त्या टेबलावर संगणक आला, माणूस तोच राहिला. त्यानं कागद नीट लावून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाला, "वारसाच्या नावावर करायचं ना? होऊन जाईल. आता सगळं ऑनलाइन आहे, आरटीओला चकरा नाहीत."

त्यानं पोर्टल उघडलं, जीपचा नंबर टाकला. पडद्यावर दादाचं नाव आलं. पूर्ण नाही. पहिलं अक्षर, मग चांदण्या, मग मधलं एक अक्षर, पुन्हा चांदण्या. वहिनींना वाचता येतं, इंग्रजी नाही. त्या पडद्याकडं वाकल्या.

"हे काय वो?"

"मालकाचं नाव आहे, ताई. पण झाकलेलं दाखवतात. कुणी गैरफायदा घेऊ नये म्हणून."

"मला बी झाकून?"

केंद्रवाल्यानं पुढचं बटण दाबलं. नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. खाली नंबरही झाकलेलाच होता. शेवटचे आकडे तेवढे दिसत होते. ते आकडे मला, वहिनींना आणि आख्ख्या वेल्हे तालुक्याला पाठ होते.

मी तिथंच बाकावर बसलो. वहिनींना कळायला थोडा वेळ लागला. त्या म्हणाल्या, "म्हंजी त्यांच्या फोनवर आलं असंल?"

"हो."

"आन त्यो तर आपन बंद केला."

'आपण' म्हणाल्या त्या. 'तुम्ही' म्हणायला हवं होतं.

केंद्रवाला म्हणाला, "नंबर बदलायचा अर्जही असतो. पण त्यात मालकाचं आधार लागतं आणि त्याची पडताळणी पुन्हा मालकानंच करायची असते. आधी तो नंबर लागतो का ते बघा. बंद पडलेले नंबर कंपन्या दुसऱ्याला देतात."

मी माझ्या फोनवरून दादाचा नंबर लावला. वर्षभरानं लावला. रिंग गेली. तेवढ्या रिंगमध्ये मनात जे काही येऊन गेलं ते लिहिण्यासारखं नाही. पलीकडून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, "कोन बोलतंय?"

मी नाव-गाव सांगितलं. पासली म्हटल्याबरोबर म्हातारा वैतागला. "पासली! अहो, ह्यो फोन घेतल्यापासून पासली पासली ऐकून कान किटले माझे. जीप हाय का, जीप कवा निघनार, जागा हाय का. म्या कापूस लावनारा माणूस, परभनीकडचा. मला कशाला जीप इचारता?"

मी सगळं समजावून सांगितलं. की तो नंबर माझ्या भावाचा होता, भाऊ वारला, गाडी वहिनीच्या नावावर करायची आहे, तुमच्या फोनवर आता एक आकडा आला असेल. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आकडा आलाय. पन द्यायचा न्हाई. लेकानं सांगून ठिवलंय, कुनीबी मागितला तरी द्यायचा न्हाई. शेजारच्याचं खातं रिकामं झालं ह्याच्यापायी. तुमी खरं बोलत असाल बी. मला कसं कळावं?"

त्याचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.

वहिनींनी हात पुढं केला. "आना हिकडं." फोन कानाला लावून त्या उभ्या राहिल्या. "बाबा, म्या त्यांची बायकू बोलतिया," त्यांनी आधी ओळख दिली. मग म्हणाल्या, "तुमच्या फोनवर जी लोकं जीप मागत्यात ना, ती खोटी न्हाईत. त्यांना सांगावं लागतंय कुनीतरी. तुमाला तरास झाला, माफी करा."

म्हाताऱ्यानं विचारलं, "कशानं गेले?"

"खळ्यावर. बसले आन गेले."

"लई चांगलं मरान," तो म्हणाला. "घ्या लिहून."

पण त्याला आकडे वाचायला वेळ लागला. चष्मा शोधेपर्यंत मुदत संपली. दुसऱ्यांदा पाठवला तर त्यानं जुनाच वाचला. तिसऱ्यांदा त्यानं एकेक आकडा बाराखडी म्हटल्यासारखा म्हटला, वहिनींनी तो मोठ्यानं परत म्हटला, केंद्रवाल्यानं टिपला, आणि पान पुढं सरकलं. केंद्रात रांगेत बसलेली माणसंही हसली. वहिनीही हसल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यांना एसटीत बसवताना मी म्हणालो, "आठ-पंधरा दिवसांत होईल."

पंधरा दिवसांनी अर्ज परत आला. शेरा होता, कागद अस्पष्ट. पोर्टलवर कागद चढवायला आकाराची मर्यादा असते. त्यात बसवायला केंद्रवाल्यानं मृत्यूचा दाखला इतका बारीक केला होता की त्यावरचा शिक्का डाग दिसत होता. पुन्हा स्कॅन केला तर फाइल मोठी झाली, पोर्टल घेईना. बारीक केली तर वाचता येईना. दादाचं मरण त्या मर्यादेत बसवता बसवता आमची एक दुपार गेली. शेवटी केंद्रवाल्यानं रंग काढून टाकले, कडा कापल्या, आणि ते बसलं.

दुसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा शेरा वेगळा होता. चासी नंबर जुळत नाही. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. त्याच्यावर नंबर कोरलेला असतो. त्याची छाप घेऊन या, असं केंद्रवाल्यानं सांगितलं. कोरीव नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, नंबर कागदावर उतरतो.

रविवारी मी वाडीवर गेलो. जीप दारातच होती, शेणानं सारवलेल्या अंगणाच्या कडेला. वहिनींनी ती पुसून ठेवली होती. मी खाली वाकलो, पण माझं पोट आणि गुडघे दोन्ही आडवे आले. वहिनींनी पदर खोचला, गोणपाट अंथरलं आणि त्या जीपखाली सरकल्या. मी बाहेरून बॅटरी धरून बसलो. आतून पेन्सिल घासल्याचा आवाज येत होता.

"गंज लई हाय, भावजी."

"कापडानं पुसा आधी."

"ते पुसायचे ह्या जागी," त्या आतून म्हणाल्या. "मला म्हनायचे, ही गाडीची कुंडली हाय."

बाहेर आल्या तेव्हा कपाळाला काळं लागलेलं होतं आणि हातातल्या कागदावर नंबर स्वच्छ उठला होता. मी तो आरसी बुकाशी ताडून पाहिला. एकेक अक्षर बरोबर होतं. मग फोनवर पोर्टलची नोंद बघायची ठरवलं. जवळचा टॉवर बंद पडल्यापासून वाडीत रेंज नाही, त्यासाठी देवळामागच्या खिंडीत जावं लागतं. तिथं उभा राहून मी नोंद उघडली. गाडीवर आणि बुकात जिथं आठाचा आकडा होता, तिथं नोंदीत इंग्रजी बी होता. जुन्या रजिस्टरातून संगणकात उतरवताना कधीतरी, कुणाच्या तरी हातून आठाचा बी झाला होता. मीही शाळेच्या रजिस्टरात अशा चुका केल्या आहेत. मुलाची आई येते, मी खाडाखोड करून सही ठोकतो, काम संपतं.

या वेळी मी स्वतः आरटीओला गेलो. रजा टाकून. खिडकीमागच्या बाईंनी छाप पाहिली, बुक पाहिलं, पडदा पाहिला. तुसडेपणानं बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. त्या मऊपणानं म्हणाल्या, "मला दिसतंय हो, बरोबर आहे तुमचं. पण दुरुस्ती मालकाच्या अर्जावर होते. त्याला मालकाच्या आधारची पडताळणी लागते."

"मालक वारले."

"मग आधी वारसाच्या नावावर करा, मग वारस दुरुस्तीचा अर्ज करतील."

"वारसाच्या नावावर करायला चासी नंबर जुळायला हवा, म्हणूनच तर आलोय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मागं रांग होती. त्या म्हणाल्या, "सिस्टीम घेत नाही, भाऊसाहेब. माझ्या हातात बटणच नाही. तुम्ही लेखी अर्ज द्या, मी वर पाठवते."

मी लेखी अर्ज दिला. चांगला अर्ज होता तो. तीस वर्षं अर्ज लिहितोय, विषय, संदर्भ, सोबत जोडलेली कागदपत्रं, सगळं जिथल्या तिथं. पोचेवर शिक्का घेतला. परत येताना कापूरहोळला एसटी थांबली तेव्हा चहा घेतला आणि वहिनींना फोन लावला. लागला नाही. वाडीत रेंज नव्हती म्हणून मला त्या दिवशी त्यांना काही सांगावं लागलं नाही, याचं बरं वाटलं.

छाप जोडून वारसाचा अर्जही पोर्टलवर पुन्हा चढवला, पण उत्तर आलं नाही. मी दर सोमवारी शाळेच्या संगणकावर स्थिती बघायचो. प्रलंबित. महिना गेला, दोन गेले. दरम्यान परभणीकडच्या म्हाताऱ्याचा एकदा फोन आला. "झालं का तुमचं काम? परत आकडा यायचा असंल तर सांगा, चष्मा हाताशी ठिवला हाय." मी म्हणालो, होईल. त्यानं विचारलं, "त्या बाईंना भात किती झाला औंदा?" मी सांगितलं. मला तो माणूस घरचा वाटायला लागला होता.

खालच्या वाडीतला चालवणारा दर आठवड्याला येऊन जीप सुरू करून जायचा, बॅटरी बसू नये म्हणून. अंगणातच सुरू करायचा, दहा मिनिटं चालू ठेवायचा आणि बंद करायचा. वाडीतल्या म्हाताऱ्या तो आवाज ऐकून दारात यायच्या. पण चाक हलत नसे. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "वैनी, कागद आला की दुसऱ्या दिशी पयली फेरी तुमची."

आषाढात, लावणी चालू असताना, वरच्या धनगरवाड्यावरून एकजण सकाळीच पळत खाली आला. त्याच्या आईला रात्रभर दम लागला होता, ओठ निळे पडले होते. म्हातारी म्हणजे सगळ्या डोंगराच्या ओळखीची बाई. शेळ्यांमागं उभं आयुष्य काढलेलं. दादाच्या जीपमध्ये ती कधी पुढच्या सीटवर बसायची नाही. मागं शेळ्यांसोबतच बसायची. मी तेव्हा लावणीसाठी वाडीतच होतो, म्हणून हे मी डोळ्यांनी पाहिलं.

रुग्णवाहिकेला फोन करायला एकजण खिंडीत धावला. उत्तर आलं, गाडी दुसरीकडं गेली आहे, वेळ लागेल. चालवणारा आमच्याच खाचरात रोपं लावत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं.

त्याचे हात चिखलात होते. तो म्हणाला, "मागल्या म्हैन्यात मार्गासनीला एकाची गाडी धरली. इमा न्हाई, कागद न्हाई. वाटंत म्हातारीला काय झालं तर? म्या अडकंन. माझ्या पोरांचं कोन बगंल?"

धनगर हात जोडून उभा राहिला नाही. नुसता वहिनींकडं बघत राहिला. वहिनी घरात गेल्या आणि किल्ली घेऊन आल्या. ती त्यांनी चालवणाऱ्यासमोर धरली. "माझ्या नावावर घालते सगळं. म्याच सांगितलं म्हनून सांग पोलिसाला."

"वैनी, तुमच्या नावावर तर न्हाईच ना ती," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता. त्याला वाईट म्हणवत नाही.

मी बाजूलाच उभा होतो. मला मोटारसायकल येते, जीप येत नाही. 'घेऊन जा रे, मी येतो सोबत, मी बघतो पोलिसांचं,' असं म्हणायला हवं होतं. मी मनातल्या मनात नियम मोजत होतो. नोंदणी मयताच्या नावे, विमा संपलेला, खासगी गाडी. कागदाच्या माणसाला आधी कागदच आठवतात. मी ते वाक्य बोललो नाही. माझ्या आयुष्यात न बोललेली वाक्यं खूप आहेत, पण त्या सकाळचं तेवढं मला आजही ऐकू येतं.

शेवटी चौघांनी घोंगडीची झोळी केली, वेळू आत घातला आणि म्हातारीला पाऊस अंगावर घेत पासलीपर्यंत उतरवलं. जीपला ज्या वाटेला पंधरा मिनिटं लागायची तिला दीड तास लागला. मी मागून छत्री धरून चालत होतो. ती छत्री म्हातारीच्या तोंडावर येत होती तेवढीच. पासलीत दुधाचा टेम्पो मिळाला. म्हातारी वाचली. पण छातीत पाणी झालं होतं, उशीर झाला असं डॉक्टर म्हणाले. ती नंतर डोंगर चढू शकली नाही. वेल्ह्याला लेकीकडं एका खोलीत राहिली. मुलाला एकट्याला शेळ्या झेपेनात, त्यानं दिवाळीच्या आत निम्म्या विकून टाकल्या.

त्या दिवसानंतर चालवणारा जीप सुरू करायला आला नाही. लाजला असेल. पुढं कळलं, तो सारोळ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात कामाला लागला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मी सोमवारी स्थिती बघायला पोर्टल उघडलं तर जीपच्या नोंदीसमोर लाल अक्षरं होती. नोंदणीची मुदत संपली. खासगी गाडीला पंधरा वर्षं असतात, ती पुरी झाली होती. मला ती तारीख बुकात छापलेली दिसत होती, इतके दिवस. हातात बुक धरून मी चासीचा आठ आणि बी बघत होतो, तारीख बघितली नव्हती. नूतनीकरण करायचं तर गाडी तपासणीला न्यायची आणि अर्ज मालकानं करायचा. वारसाचा अर्ज अजून प्रलंबित होता. आणि आता तोही परत आला, नवा शेरा घेऊन. मुदत संपलेल्या वाहनाचं हस्तांतरण करता येत नाही.

मी सेवा केंद्रात गेलो. केंद्रवाल्यानं बराच वेळ पडद्यावर इकडंतिकडं केलं. मग हात मांडीवर ठेवून म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्या टाइपरायटरवर असतं ना, तर खोडून पुढं गेलो असतो." त्यानं माझ्याकडून त्या दिवशी काहीच घेतलं नाही.

वहिनींना सांगायला मी वाडीवर गेलो. भात निसवला होता, लोंब्या बाहेर आल्या होत्या. त्या अंगणात पावटे सोलत होत्या. मी मुदतीचं सांगितलं, त्या ऐकत होत्या, हात थांबला नाही. मला वाटलं त्या विचारतील, आता काय करायचं. मीच म्हणालो, "भंगारात देता येईल. सरकारमान्य केंद्र असतं, रीतसर दाखला मिळतो."

"द्या मग," त्या म्हणाल्या. एवढ्या सहज म्हणाल्या की मीच घाबरलो. विकण्याचं नाव काढलं तेव्हाचे त्यांचे डोळे मला आठवत होते.

भंगारासाठीही पोर्टलवरच अर्ज करायचा असतो. मालकाच्या मोबाईलवर ओटीपी येतो. मी परभणीच्या म्हाताऱ्याला फोन लावला. एका बाईनं उचलला. सून असावी. म्हणाली, "मामंजी दवाखान्यात हैत. अन आता ह्यो नंबर आमी बंदच करनार हाव, लई फालतू फोन येतेत." मी म्हातारबाबांची तब्येत विचारली. तिनं 'बरी हाय' म्हणून ठेवून दिला. ओटीपीचं मी काढलंच नाही. काढून तरी काय, चासीचा बी तिथंही आडवा आलाच असता.

म्हणजे जीप चालवता येत नव्हती, नावावर करता येत नव्हती, विकता येत नव्हती आणि मोडताही येत नव्हती. पोर्टलच्या लेखी दादा अजून तिचा मालक होता, चांदण्यांच्या मागं झाकलेला. गावदप्तरात तो मयत, रेशनकार्डातून कमी केलेला, मतदार यादीतून वगळलेला. ही एकच जागा होती जिथं तो राहिला होता, आणि ती काही चांगली जागा नव्हती.

मी आणखी तीन अर्ज केले. एक वरच्या कार्यालयाला, एक तक्रार निवारणाच्या पानावर, एक पुन्हा त्याच खिडकीवर. तिथं त्या बाई नव्हत्या, बदली झाली होती. नवीन माणसानं सुरुवातीपासून विचारायला सुरुवात केली, "मालक स्वतः का नाही आले?"

गेल्या शिमग्याला मी वाडीवर होतो. जीपच्या मागच्या बाजूला वहिनींनी गवताचे भारे रचले होते. वारा सुटला की गंजीवरचा प्लॅस्टिकचा कागद उडायचा, म्हणून त्यांनी जीपचं जादा चाक काढून त्याच्यावर ठेवलं होतं. मी पिशवीतून नव्या अर्जाची प्रत काढली, सही घ्यायला. वहिनींनी ती घेतली, उलटीपालटी केली आणि घडी घालून माझ्या हातात परत दिली.

"बास करा, भावजी."

"वहिनी, एकदा शेवटचं—"

"तुमी लई केलं. म्या काय तुमाला बोल लावत न्हाई." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पर आता त्यांचं नाव घिऊन कुनाच्या दारात उबं ऱ्हायचं न्हाई मला. दर बारीला इचारत्यात, मालक कुठं हाय. दर बारीला सांगायचं. किती बारी मेला म्हनून सांगू?"

मी प्रत पिशवीत परत घातली. त्यांनी भाकरी वाढली, आम्ही जेवलो. जेवताना त्या रोपांबद्दल बोलल्या, थोरल्या लेकीला दिवस गेलेत ते बोलल्या. परतीची एसटी गाठायला मला निघावं लागलं. त्या चढाच्या कडेपर्यंत पोचवायला आल्या आणि तिथूनच वळल्या.

मी एकटा उतरलो. पासलीच्या थांब्यावर वरचा धनगर भेटला. त्याच्या हातात एक रिकामी दोरी होती. उरलेल्या शेळ्यांतली एक विकून आला होता. आम्ही शेजारी शेजारी बसलो. त्यानं विचारलं नाही जीपचं काय झालं, मी विचारलं नाही आईचं कसं आहे. एसटी यायला उशीर झाला. आली तेव्हा तो उठला नाही. म्हणाला, "मला वर जायचंय. नुसता बसलो व्हतो."